करपलेले बेकिंग ट्रे आणि किराण्यातला धुण्याचा सोडा: सहा महिने वापरून लिहितेय

हा रिव्ह्यू कुठल्या भारी ब्रँडचा नाही, आधीच सांगते. आमच्या साताऱ्यात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला असतो ना तो धुण्याचा सोडा, पांढरा, थोडा भरड, आपल्या आज्या चादरी उकळायला वापरायच्या तो, त्याच्याबद्दल लिहितेय. मी घरून केक, नानकटाई आणि लादी पावाच्या ऑर्डरी घेते, सातवं वर्ष चालू आहे, आणि या सात वर्षांत ट्रे साफ करायला मी किती वस्तूंवर पैसे घातले ते आठवलं तरी जीव हळहळतो, कारण जी गोष्ट खरंच कामाला आली ती किलोला साठ रुपयांची निघाली. पण ती सरसकट सगळ्या भांड्यांना चालत नाही, आणि हे कुणी नीट सांगत नाही म्हणूनच एवढं सविस्तर लिहायला बसलेय.

गेल्या दिवाळीत झालं काय, नानकटाईच्या ऑर्डरी इतक्या आल्या की दोन्ही ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचे ओव्हन, सकाळी सात ते रात्री अकरा चालू होते. ट्रे थंड झाला की पुसायचा, तूप लावायचं, परत आत. धुवायला वेळच नाही. असं आठ दिवस. शेवटी बघते तर ट्रेच्या कडेला आणि चारी कोपऱ्यांत तपकिरी-काळा चिकटा बसलेला, हात लावला तर गुळगुळीत, नखानं निघत नाही, साबणानं तर हलतही नाही. त्यात एका ट्रेवर खजूर-अक्रोड केकचं पीठ उतू जाऊन करपलेलं, त्याचा तर कोळसाच. आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात, त्यांनी तारेची घासणी घेऊन पाऊण तास तो ट्रे घासला. मी आत पॅकिंग करत होते, बाहेर येऊन बघितलं तर त्यांच्या अंगठ्याची कड सोलून निघालेली आणि ट्रे जवळपास तसाच. मला इतकं वाईट वाटलं. मी म्हटलं मावशी ठेवा तो, ते माझं काम आहे. त्या म्हणाल्या, "अहो ताई, हे जोरानं निघायचं नाही, ह्याला भिजवायला पायजे." माझा सगळा अनुभव या एका वाक्यात आहे खरं तर, फक्त कशात भिजवायचं आणि किती वेळ हे शोधायला मला पुढचे दोन महिने गेले.

आधी हे समजून घ्या की करपलेलं सगळं एकसारखं नसतं. साखर करपली, कॅरॅमल सांडलं, जॅम उकळून बाहेर आला, तर दिसायला तो भयंकर काळा दगड वाटतो पण साखर पाण्यात विरघळतेच, पार कोळसा झाली नसेल तर नुसतं कडकडीत पाणी ओतून वीस मिनिटं ठेवलं की ती सुटते, तिथे कुठलाच सोडाबिडा लागत नाही. मी डिसेंबरमध्ये प्लम केक करते, त्याचं कॅरॅमल कायम कुठेतरी सांडतं, आता त्याची मला अजिबात भीती वाटत नाही. मैदा, अंडं, दूध, चीज हे करपलं की ते जरा चिवट, त्याला भिजायला रात्र द्यावी लागते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तूप-तेलाचा तो पिवळट तपकिरी पातळ थर. तो मळ नाहीच, तेल पुन्हा पुन्हा तापून त्याचे रेणू एकमेकांत गुंतून त्याचा एक प्रकारचा वॉर्निशच झालेला असतो. जवसाचं तेल हवेत वाळून कडक होतं, चित्रकार ऑइल पेंटमध्ये वापरतात बघा, तीच जात. म्हणून भांड्याचा साबण तिथे हतबल होतो, साबण सुट्टं तेल उचलतो, घट्ट बसलेलं वॉर्निश नाही उचलत.

आणि आपल्या लोखंडी तव्यावर जो काळा तुकतुकीत थर असतो, ज्याच्यामुळे डोसा सुटून येतो, तो पण हाच. म्हणजे ट्रेवर जो थर नको तोच तव्यावर हवा असतो. हे मी मुद्दाम लिहितेय कारण माझ्या नणंदेनं मी ट्रेबद्दल सांगितलेलं ऐकून आजेसासूबाईंचा बिडाचा तवा सोड्यात घालायची तयारी केली होती, वेळेवर फोन केला म्हणून वाचला. बिडाचं, लोखंडाचं भांडं सोड्यात भिजवायचं नाही, वर्षानुवर्षं तापवून तयार झालेला थर जाईल आणि वर गंज चढेल.

आता सगळीकडे सांगतात ती गोष्ट, खायचा सोडा टाका आणि वर विनेगर ओता, फसफसलं की सगळं निघतं. मी हे निदान दहा वेळा तरी केलं असेल. फेस बघायला छान वाटतो, मनाला बरं वाटतं की काहीतरी होतंय. पण होतं काय, सोडा अल्कली, विनेगर आम्ल, दोघं एकमेकांना मारून टाकतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे हवेत जातात आणि ट्रेमध्ये उरतं जवळजवळ खारट पाणी. दोन्हीतला एकही धड कामाला येत नाही. वेगवेगळे वापरा, दोघांनाही आपापलं काम आहे, विनेगरचं पुढे सांगते. खायच्या सोड्याची नुसती ओली पेस्ट ताज्या डागाला बरी, कारण ती बारीक रवाळ असते, चरे पाडत नाही. पण आठ दिवसांच्या तुपाच्या थराला ती पुरत नाही. त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली किती कडक ते सांगणारा आकडा, साधारण ८.३, म्हणजे अगदीच सौम्य. धुण्याचा सोडा ११ च्या आसपास जातो. आकडे जवळजवळ वाटतात पण पीएचमध्ये एकेक आकड्याला दहापटीचा फरक असतो, त्यामुळे ताकदीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

तर धुण्याचा सोडा. मी दिवाळीनंतर तो काळा इनॅमलचा ट्रे, म्हणजे आत लोखंडी पत्रा आणि वर काचेसारखं लुकण असलेला, ओट्यावर सपाट ठेवला. पाव वाटी धुण्याचा सोडा सगळीकडे भुरभुरवला, करपलेल्या जागी जरा जास्त, आणि किटलीतलं उकळतं पाणी हळूहळू काठाच्या अर्धा सेंटिमीटर खालपर्यंत ओतलं. साधारण दोन लिटर बसलं. वर दुसरा ट्रे पालथा झाकला, कारण पाणी जितका वेळ गरम राहील तितकं काम जोरात होतं, आणि झोपायला गेले. सकाळी साडेसहाला झाकण उचललं तर पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालेलं, त्याला साबणासारखा वास, आणि केकचा तो कोळसा एका बाजूनं सुटून वाळलेल्या चिखलाच्या पोपड्यासारखा वर वळलेला. मी लाकडी कालथ्याची कड त्याच्याखाली सारली तर तळहाताएवढा तुकडा अख्खा निघाला, खाली ट्रेचा मूळ काळा चकचकीत रंग. मी मावशी यायची वाट बघत बसले होते त्यांना दाखवायला. त्यांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "आता कसं."

साबणाचा वास आणि बोटाला बुळबुळीतपणा लागला तो उगाच नाही. तेल-तुपाला अल्कली भेटला की त्याचा साबणच होतो, साबणाच्या कारखान्यात तीच क्रिया करतात, फक्त तिथे अल्कली जास्त कडक असतो. इथे तुमच्या ट्रेवरचं तूप स्वतःच साबण होऊन पाण्यात उतरतं.

पण पहिल्याच वेळी सगळं गेलं असं मी म्हणणार नाही. करपलेलं अन्न गेलं, कोपऱ्यांतला तुपाचा पिवळट थर मात्र निम्माच गेला. दुसऱ्या रात्री परत तोच प्रयोग केला, या वेळी मधे एकदा रात्री अकराला पाणी काढून परत उकळतं ओतलं. तिसऱ्या रात्रीनंतर कोपरे साफ झाले. म्हणजे जुन्या थराला तीन रात्री धरा. एका रात्रीत चमत्कार होईल म्हणून सोडा जास्त घालून उपयोग नाही, मी घालून बघितलाय, एका वाटीनं पाव वाटीपेक्षा काही वेगळं झालं नाही, गरमपणा आणि वेळ यानंच फरक पडतो. ट्रेची मागची बाजू करपली असेल तर मोठ्या स्टीलच्या परातीत तोच ट्रे पालथा बुडवायचा. परात स्टीलचीच घ्या. स्टीलची, ॲल्युमिनियमची नाही, का ते पुढे येतंय.

भिजवून झाल्यावर साध्या पाण्यानं दोनदा धुवायचं आणि शेवटच्या पाण्यात चमचाभर विनेगर नाहीतर अर्धं लिंबू. इथे विनेगरचं खरं काम. उरलेला अल्कली मारला जातो, बुळबुळीतपणा जातो, आणि आमच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्याचा पांढरा थर बसतो तोही निघतो.

घरात धुण्याचा सोडा नसेल आणि दुकानात मिळत नसेल, शहरातल्या सुपरमार्केटमध्ये कधी कधी मिळत नाही असं ऐकते, तर तो घरी करता येतो. खायचा सोडा एका कोरड्या स्टीलच्या थाळीत पातळ पसरायचा आणि ओव्हनमध्ये २०० डिग्रीला एक तास. खायच्या सोड्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो धुण्याचा सोडा. मी वजन करून बघितलं, १०० ग्रॅम घातला होता, तासानं ६४ भरला. हिशोबाप्रमाणे ६३ व्हायला पाहिजे, म्हणजे जवळपास पूर्ण झाला. दिसायलाही फरक कळतो, खायचा सोडा रेशमी, चमकदार असतो, हा भुकटीसारखा मंद पांढरा होतो. खरं तर खायच्या सोड्याचा भाव आणि ओव्हनची वीज बघता विकत घेणंच स्वस्त, पण अडीअडचणीला माहीत असावं.

आता माझं नुकसान सांगते, कारण या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे.

माझ्या आईचा गोल ओव्हन होता. ज्यांचं लहानपण ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं त्यांना आठवेल, ॲल्युमिनियमचा, वर झाकणाला काचेची खिडकी, आणि आम्ही सगळी भावंडं त्या खिडकीतून केक फुगताना बघत बसायचो. ओव्हन गेला केव्हाच, पण त्यातला केकचा गोल डबा आईनं मला दिला होता. जाड ॲल्युमिनियमचा, आठ इंची, तळाला थोडा पोचा आलेला. घरातला रवा केक मी अजून त्याच्यातच करते. या डब्याच्या कडेला जुना तुपाचा थर होता आणि मी, धुण्याचा सोडा माझ्या हाती लागायच्या आधीची गोष्ट ही, ऑनलाइन एक ओव्हन क्लीनरचा स्प्रे मागवला. विकणाऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, सगळ्या बेकिंग भांड्यांसाठी चालतो. मी डब्यावर मारला, पाच मिनिटांत बारीक बुडबुडे यायला लागले. मला वाटलं मळ निघतोय. वीस मिनिटांनी धुतला तर आतली सगळी बाजू शिसपेन्सिलीच्या शिशासारखी काळी-करडी, आणि बोट फिरवलं तर खरखरीत, बारीक बारीक खड्डे पडलेले. तुपाचा थर गेला होता, पण डबाही गेला होता.

मग बाटली उलटी करून बघितली. मागच्या बाजूला, मला चष्मा लावून आणि मोबाईलचा टॉर्च मारून वाचावं लागलं इतक्या बारीक अक्षरात, घटक सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, आणि त्याच्याखाली, ॲल्युमिनियमवर वापरू नये. मी तक्रार केली, फोटो पाठवले, दोनदा तेच ठरलेलं उत्तर आलं की वापरण्याआधी लेबल वाचावं. पैशांचं सोडा, साडेचारशे रुपये होते. आईचा डबा होता. समोर एक मोठ्यानं सांगायचं आणि मागे उलटं बारीक छापायचं हे मला आजही चुकीचं वाटतं, आणि ज्यांनी हे वाचलं त्यातल्या एकाचा जरी डबा वाचला तरी मला बरं वाटेल.

कारण असं आहे की ॲल्युमिनियमच्या अंगावर ऑक्साइडचा एक पातळ पापुद्रा असतो, तोच त्याला सांभाळतो. कडक अल्कली आधी तो पापुद्रा विरघळवतो आणि मग धातूलाच खायला लागतो. ते बुडबुडे मळाचे नव्हते, हायड्रोजनचे होते, धातू झिजताना निघणारा वायू. आणि हायड्रोजन पेट घेतो, शेजारी गॅस चालू असताना असलं काही करूच नका. कॉस्टिक सोड्यानं हे वीस मिनिटांत होतं, धुण्याच्या सोड्यानं जरा सावकाश होतं पण होतंच, म्हणून धुण्याचा सोडाही ॲल्युमिनियमला नाही म्हणजे नाही. हार्ड ॲनोडाइज्ड भांडी पण यातच आली, तो काळा कडक थर म्हणजे मुद्दाम जाड केलेला ऑक्साइडच, सोड्यानं तोच जाईल.

त्या डब्याचं पुढे काय केलं ते सांगते. आईला फोन केला, सांगायचं धाडस होत नव्हतं पण केला, ती शांतपणे म्हणाली, "चिंच उकळ त्यात." लिंबाएवढी चिंच, डबा भरून पाणी, मंद गॅसवर पंधरा मिनिटं. पाणी हळूहळू मळकट झालं आणि पाण्याच्या रेषेखालचा डबा उजळला, वरची दोन बोटं काळी राहिली, इतकी स्पष्ट रेष होती. मग चिंचेचा चोथा हातात घेऊन वरची कड घासली. खड्डे गेले नाहीत, ते जाणारच नाहीत, पण काळेपणा बराच गेला. आंबट कुठलंही चालतं, लिंबाची सालं, आमसुलाचं पाणी. ॲल्युमिनियमला उजळायला आम्ल आणि तेही थोडा वेळच, रात्रभर आंबट पाणी ठेवलं तर तेही धातूला लागतं. आता त्या डब्यात मी खाली आणि कडेला बटर पेपर लावते आणि रवा केक अजून त्याच्यातच होतो.

मग ॲल्युमिनियमचे ट्रे करपले तर काय करायचं? गरम पाणी आणि भांड्याचा लिक्विड साबण, तास-दोन तास भिजत, मग लाकडानं नाहीतर करवंटीनं खरवडायचं, उरलेल्याला बारीक स्टील वूल साबण लावून एकाच दिशेनं, गोल गोल नाही. खायच्या सोड्याची पेस्ट पण मी पाच-दहा मिनिटांच्या वर ठेवत नाही. वेळ जास्त लागतो आणि पूर्ण नव्यासारखं होत नाही. मी ते मान्य केलंय. बेकरीवाल्यांचे पत्रे बघा, दिवाळीआधी आपण मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन भट्टीवर नानकटाई भाजून आणायला जातो तेव्हा ते देतात ते, सगळे काळेकुट्ट असतात, आणि नानकटाई उत्तम सुटते. फक्त एक, काळा ट्रे उष्णता जास्त ओढून घेतो, त्यामुळे घरच्या ओटीजीत खालची बाजू लवकर लाल होते. माझ्याकडे एकाच पिठाची नानकटाई उजळ ट्रेवर अठरा मिनिटं आणि काळवंडलेल्या ट्रेवर पंधरा मिनिटं घेते. लादी पावाला तो काळेपणा आवडतो, नानकटाईला नाही. म्हणून मी नानकटाईचे ट्रे जीव लावून साफ ठेवते आणि पावाच्या ट्रेच्या मागे लागत नाही.

ट्रे कशाचा आहे हेच माहीत नसेल तर फ्रिजवरचं लोहचुंबक काढून लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे, मग वरचा थर इनॅमल आहे की नॉनस्टिक ते बघायचं. इनॅमल काचेसारखं गार आणि कडक लागतं, टकटक केलं तर चिनीमातीसारखा आवाज येतो, नॉनस्टिक जरा मेणचट लागतं. चिकटलं नाही आणि भांडं वजनाला हलकं, रंगानं मऊ करडं असेल तर ॲल्युमिनियम. काही स्टीलला पण चुंबक चिकटत नाही, पण स्टील जड असतं आणि आरशासारखं चमकतं, त्यामुळे घोळ होत नाही. स्टील आणि इनॅमल, धुण्याचा सोडा बिनधास्त. इनॅमलचा टवका उडालेला असेल तर मात्र तिथे भिजवून लगेच कोरडं पुसा, गंज धरतो. नॉनस्टिकला नुसतं गरम पाणी, साबण आणि मऊ स्पंज, तिथे तारेची घासणी तर सोडाच, ती हिरवी घासणी पण नको, तिच्यात खरखरीत कण बसवलेले असतात आणि ते कोटिंगवर बारीक चरे पाडतात. बोरोसिलच्या काचेच्या डिशला सोडा चालतो, पण गरम डिशमध्ये गार पाणी नाही आणि गार डिशमध्ये उकळतं पाणी नाही, कोमट करत करत जायचं. मी लझानियाची डिश सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवते, कडेचं करपलेलं चीज सकाळी बोटानं निघतं. सिलिकॉनच्या मोल्डवर बसलेला चिकटपणा मला अजून पूर्ण काढता आलेला नाही, सोड्यानं कमी होतो इतकंच.

करवंटीबद्दल दोन शब्द. मी प्लास्टिकचे स्क्रॅपर आणले, दोन महिन्यांत त्यांची धार बसते. नारळाच्या करवंटीचा फुटका तुकडा, तीन बोटं रुंद, त्याची कड जराशी वक्र असते ती ट्रेच्या कोपऱ्यात बरोब्बर बसते, लोखंडापेक्षा मऊ आहे म्हणून इनॅमलला चरा पडत नाही आणि करपलेल्या थरापेक्षा कडक आहे म्हणून तो उचलला जातो. झिजली की दुसरी. आमच्या आजी पितळी पातेल्यातली खरवड करवंटीनंच काढायच्या आणि आम्हाला खायला द्यायच्या, तेव्हापासून ती घरातच होती, आपण वापरायचं सोडलं.

डिशवॉशरची टॅबलेट पण मी वापरून बघितली. मशीन आमच्याकडे नाही, पुण्याच्या बहिणीनं चार टॅबलेट दिल्या. इनॅमलच्या ट्रेमध्ये गरम पाण्यात एक टाकून चार तास ठेवली. खरं सांगायचं तर अंडं आणि मैदा करपलेला होता तिथे तिनं नुसत्या सोड्यापेक्षा छान काम केलं. तिच्यात सोडा असतोच, शिवाय स्टार्च आणि प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स असतात. मात्र एन्झाइम्सना उकळतं पाणी चालत नाही, ती मरतात, त्यामुळे हात जेमतेम सोसेल-न सोसेल इतकंच गरम पाणी घ्यायचं. तुपाच्या जुन्या थरावर तिचा सोड्यापेक्षा वेगळा काही फायदा दिसला नाही. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी जरूर वापरा, मुद्दाम विकत आणायची गरज मला वाटली नाही. आणि ही पण ॲल्युमिनियमला नको, आत अल्कलीच आहे. पितांबरी पण बऱ्याच जणी सुचवतात, ती तांब्या-पितळेच्या काळेपणासाठी आहे आणि तिथे ती फार सुंदर काम करते, आमच्या देवघरातलं सगळं तिनंच होतं, पण करपलेल्या तुपाचा प्रश्न वेगळा आहे. संडासच्या ॲसिडनं ट्रे घासणारे पण मला भेटलेत. कृपा करून असं करू नका, त्यानं स्टीलला खड्डे पडतात आणि चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

हाताचं राहिलंच. धुण्याचा सोडा हाताला चांगला नाही. पहिल्या आठवड्यात मी हातमोजे न घालता दोन ट्रे धुतले, बोटांची टोकं कोरडी पडून चिरली, मीठ लागलं की झोंबायचं. आता सिंकजवळ रबरी हातमोज्यांचे दोन जोड टांगलेत, एक माझा, एक मावशींचा. मावशींना आधी सवय नव्हती, भांडं हातातून निसटतं म्हणायच्या, मग एक मापानं लहान जोड आणला तेव्हा घालायला लागल्या. भांडी घासायला बाई येत असतील तर त्यांना सोड्याचा ट्रे तसाच सिंकमध्ये ठेवून जाऊ नका, सांगा की यात सोडा आहे, डोळ्यात शिंतोडा जाऊ देऊ नका. मी तर आता सोड्याचं पाणी स्वतःच ओतून देते आणि एकदा विसळूनच ट्रे त्यांच्याकडे देते. पाऊण तास घासायचं काम आता पाच मिनिटांवर आलंय.

विकत घेताना फसवणूक अशी नाही, पण पिशवी दाबून बघा, आत खडे झाले असतील तर तो ओल धरलेला आहे, चालतो पण मापाला जास्त लागतो. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा, आणि हे फार मनापासून सांगते, स्वयंपाकाच्या कपाटात नाही. तो मिठासारखा दिसतो, पिठीसाखरेसारखा दिसतो, खायच्या सोड्यासारखा तर अगदीच दिसतो, आणि पोटात जाण्याची वस्तू नाही. माझ्याकडे तो सिंकच्या वरच्या उंच फळीवर आहे, भाचरं आली तरी हात पोचत नाही, जुन्या निळ्या डब्यात, आणि डब्यावर मार्करनं दोन्ही बाजूंना लिहिलंय, ट्रेचा सोडा, आणि त्याखाली त्याहून मोठ्या अक्षरात, ॲल्युमिनियमला नाही.